पूर्वी माणसं घरी, शांतपणे जायची का?

प्रश्न असा आलाय: "माझे आजोबा ९१ व्या वर्षी गेले. मेंदूत रक्तस्राव झाला, अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि आयसीयूतच गेले. आजी सारखी म्हणते, आमच्या वेळी माणसं घरी, आपल्या माणसांत, शांतपणे जायची, मरणाला कुणी एवढं भीत नव्हतं. हे खरं आहे का? आपण कधीपासून असे झालो? आणि आमचं काही चुकलं का?"

मी फिजिशियन आहे. जिल्ह्याच्या गावी एकतीस वर्षं प्रॅक्टिस झाली. त्यातली पहिली वीस बहुतेक आयसीयूत गेली. आता आठवड्यातले चार दिवस शेवटच्या आजारातल्या पेशंटना त्यांच्या घरी जाऊन बघतो. इतिहास हा माझा विषय नव्हे, पण हाच प्रश्न इतक्या ओसऱ्यांवर ऐकला की वाचणं भाग पडलं. तुमचे प्रश्न तीन असले तरी झोप उडवणारा तिसराच असणार. तरी आधी पहिले दोन घेतो, कारण तिसऱ्याचं उत्तर त्यांतच अडकलंय. आणि एक कबुली: माझा अनुभव पश्चिम महाराष्ट्रातला, बहुतेक हिंदू घरांतला. जात, पैसा, शहर, धर्म यांप्रमाणे चित्र बदलतं.

आजी सांगतात त्यातलं "घरी" पूर्ण खरं. "शांतपणे" निम्मं खरं. "भीत नव्हते" हे मात्र मला पटत नाही.

आपल्या जुन्या पिढीची नावं आठवा. दगडू, धोंडू, भिकू, केरू. एकापाठोपाठ एक मुलं दगावली की पुढच्याला असं नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडायची नाही. ज्या समाजात आई आपल्या पोराला मुद्दाम केर म्हणते, तो मरणाला भीत नव्हता असं कसं म्हणायचं? बिजवर, म्हणजे दुसरेपणाचा नवरा, हा शब्द घ्या. आज तो कानावरही पडत नाही, पण तेव्हा रोजचा होता, कारण पहिली बायको बाळंतपणात गेलेली असायची. ती गेली की हडळ होईल, मुंज होऊन लग्नाआधी मुलगा गेला तर तो मुंजा होऊन पिंपळावर बसेल, पंचकात कुणी गेलं तर घरात आणखी जातील, ही सगळी भीतीच. फक्त ती वेगळ्या गोष्टीची होती. मरण अवेळी येईल याची, आणि त्यानंतर जीव घुटमळत राहील याची. नव्वदीतला म्हातारा पिकल्या पानासारखा गळला तर त्याला कुणी भीत नसे, कारण तसं भाग्य फार थोड्यांचं. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. तुमच्या आजींना जी शांत मरणं आठवतात ती त्या थोड्यांची. जी तान्ही पोरं गेली त्यांची आठवण सांगायला फारसं कुणी उरलं नाही.

शिवाय "शांत" हे सांगतं कोण? मागे राहिलेला. कॅन्सरची चिघळलेली जखम, लघवी तुंबलेली, श्वास पुरत नाही म्हणून रात्रभर खांबाला टेकून बसलेला माणूस, हेही घरीच व्हायचं. मॉर्फिन नव्हतं. मागच्या खोलीत चाललेलं हे कण्हणं आठवणीतून हळूहळू गळतं आणि तोंडात घातलेलं तुळशीपत्र तेवढं राहतं. ते योग्यही असेल.

साथी आल्या की तर शांततेचा प्रश्नच नसे. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलून यायचा, म्हणजे मरण पुढच्या गावाच्या हद्दीत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. भारतात त्यात एक कोटीहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे, आणि १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. खांदा द्यायला माणूस उरत नसे.

आता "कधीपासून बदललो" याकडे येतो. एकच तारीख सांगता येत नाही, पण आपल्या भागापुरतं बोलायचं तर मी १८९६ पासून सुरुवात करतो. त्या वर्षी सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा केला. पुण्यात गोरे सोल्जर घरात, स्वयंपाकघरात, देवघरापर्यंत शिरून आजारी माणूस शोधून काढत आणि इस्पितळात नेत, बाकीच्यांना छावणीत. त्याच जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, ते आपण शाळेत शिकतो. त्यामागच्या गोष्टीकडे मात्र फारसं लक्ष जात नाही: मरायला टेकलेल्या माणसाला त्याच्या घरातून उचलून नेण्याचा हक्क दुसऱ्या कुणाचा असू शकतो, हा अनुभव इतक्या मोठ्या प्रमाणावर लोकांना पहिल्यांदाच येत होता. लोक आजारी माणसं लपवत, प्रेतंसुद्धा लपवत. २९ ऑक्टोबर १८९६ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात नेलं की माणूस मरतो, नव्हे, मारतात, अशी समजूत होती.

सावित्रीबाई फुले याच साथीत गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणलं, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचं निधन झालं. ज्या काळात लोक इस्पितळाचं नाव काढलं की पळत, त्या काळात एक बाई उलट दिशेने चालत होती.

मधल्या काळात किती उलटापालट झाली बघा. आजही जमाव हॉस्पिटल फोडतो. इतक्यांदा, की महाराष्ट्राला २०१० मध्ये त्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. पण आता राग असतो तो "वाचवलं का नाही" याचा. १८९६ च्या जमावाला आपलं माणूस इस्पितळाच्या हातून मरेल असं वाटत होतं, आजच्या जमावाला इस्पितळात माणूस मरूच शकत नाही असं वाटतं. कॅज्युअल्टीच्या फुटलेल्या काचा मी दोनदा झाडून घेतल्यात, तेव्हा हा विचार नुसता पुस्तकी नाही.

हे मधे घडलं कसं? बरंचसं चांगल्या कारणाने. स्वच्छ पाणी, लस, सलाईन, पेनिसिलीन. देवीचा रोग देशातून गेला, १९७७ मध्ये तसं जाहीर झालं. पहिल्या वर्षात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारात तीसच्या खाली आलंय. घरात मरण क्वचित दिसू लागलं. आज माझ्याकडे पस्तिशीचे लोक येतात ज्यांनी एकही माणूस जाताना पाहिलेला नसतो. घरघर लागली तर "डॉक्टर, ते घोरतायत" असं सांगतात. त्यांच्या आजीने तो आवाज दारातून ओळखून गंगाजलाची लोटी काढली असती. पूर्वीची माणसं जास्त धीट होती असं मला वाटत नाही. त्यांना सवय होती, आणि कुणी काय करायचं हे ठरलेलं होतं. थोरल्याने मांडी द्यायची, सुनेने भुई सारवायची, माणसाला खाटेवरून खाली घ्यायचं, शेजारच्याने नातेवाइकांना सांगावा धाडायचा, बाकीच्यांनी मातीला जायची तयारी. प्रत्येकाच्या हाताला काम होतं. आयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीवर बसलेल्याच्या हातात फक्त मोबाईल असतो.

दुसरा मोठा वळसा घडला तो आपल्यापासून फार लांब, कोपनहेगनमध्ये. १९५२ साली तिथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू गेलेल्या मुलांपैकी दहांतली आठ-नऊ मरत होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्यात भोक पाडून नळी घातली आणि रबराची पिशवी हाताने दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून वैद्यकीचे विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र पिशवी दाबत बसले. सुमारे दीड हजार पोरांनी हे केलं आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजच्या आयसीयूचा जन्म तिथला. १९६० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला बाहेरून छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालू करण्याची रीत प्रसिद्ध झाली. तोवर नाडी थांबली म्हणजे माणूस गेला, यात शंका नव्हती. आता शंका आली. हृदय चालू आणि मेंदू पूर्ण बंद, असा माणूस जिवंत की मृत? फ्रेंच डॉक्टरांनी १९५९ मध्ये अशा अवस्थेचं वर्णन केलं, हार्वर्डच्या समितीने १९६८ मध्ये निकष मांडले आणि आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यू मान्य केला.

याचा तुमच्या घरावर काय परिणाम झाला ते सांगतो. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच. पूर्वी मरण यायचं. आता ते कुणीतरी ठरवावं लागतं. नळी घालायची का, डायलिसिस करायचं का, छाती दाबायची का, यंत्र कधी थांबवायचं. आणि ठरवणाऱ्याची सही लागते. आजींच्या काळी म्हातारा गेला तर यमाने नेला, सटवाईने लिहिलेलं खरं झालं, दोरी तुटली. कुणाच्याही डोक्यावर ते ओझं नव्हतं. आज थोरल्या मुलाने "नको" म्हटलं तर धाकटा दहाव्याच्या दिवशी कावळा शिवेना म्हणून त्याच्याकडे बघतो. म्हणून मुलगा "सगळं करा डॉक्टर" म्हणतो. ते बापावरच्या प्रेमाने असतं, आणि भावकीच्या भीतीनेही. आपण मरणाला जास्त घाबरतो असं मी म्हणणार नाही. आपण दोषाला घाबरतो.

डॉक्टरही त्यातलेच. जुने वैद्य आणि माझ्या आधीच्या पिढीतले जीपी नाडी बघून उठायचे, चप्पल घालता घालता सांगायचे, "आता देवाचं नाव घ्या." त्या एका वाक्यावर घर हलायचं, ज्याने त्याने आपलं काम हाती घ्यायचं. मी शिकलो त्यात हे वाक्यच नव्हतं. आम्ही सोडियम किती, क्रिएटिनिन किती ते सांगायचो. माझे वडील ८४ व्या वर्षी गेले, किडन्या संपलेल्या, तीन महिने झिजत चाललेले. मॉनिटरवर रेघ सपाट झाली आणि मीच त्यांच्या छातीवर हात ठेवून दाबायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या दाबाला बरगडी मोडली. तो आवाज कानाला येत नाही, तळव्याला येतो. ती पद्धत निघाली होती भूल देताना किंवा झटक्याने अचानक थांबलेल्या धडधाकट हृदयासाठी. मला ते पाठ होतं. तरी दाबत राहिलो, कारण न दाबता नुसतं उभं राहायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर वर्षभराने मी घरी जाऊन पेशंट बघायला लागलो.

ती वाट नवीन नव्हती. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं, मुंबईत १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, केरळात १९९३ पासून कोळिकोडला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताशी धरून घरोघरची सेवा उभी केली. आपण मात्र एक चमत्कारिक गोष्ट केली. औषधासाठी अफू कायदेशीर पिकवणारा हा देश, आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर इथल्याच दुखणेकऱ्याला मॉर्फिनची गोळी मिळेना. परवान्यांचं जंजाळ इतकं की दुकानदार ठेवीतच नसत. २०१४ च्या दुरुस्तीने मार्ग बराच मोकळा झाला, तरी माझ्या जिल्ह्यात ती गोळी मिळणारी ठिकाणं एका हाताच्या बोटांवर मोजावीत.

कायद्यानेही हळूहळू कूस बदलली. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्यासाठी केलेली दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, पण काही परिस्थितीत उपचार थांबवता येतील हे तत्त्व त्याच निकालात मान्य केलं. केईएमच्या परिचारिकांचा त्या याचिकेला विरोध होता, त्यांनी त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं. दोन्ही बाजूंना मला मान तुकवावीशी वाटते. मार्च २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. ती पद्धत फार किचकट होती, जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पुढे उपचार थांबवायची वेळ आली तर डॉक्टरांची दोन मंडळं बघतात. गंमत अशी की विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, अन्न आणि औषध घेणं थांबवलं तेव्हा यातलं काहीच नव्हतं. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून आल्या, तरी ते ठाम राहिले आणि १५ नोव्हेंबरला गेले.

इथवरचं थोडक्यात म्हणजे: भीती तेव्हाही होती, ती अवेळी मरणाची होती. मग मरण घरातून बाहेर गेलं, आधी जबरदस्तीने आणि नंतर आपल्या मर्जीने. आणि यंत्रं आल्यावर ते निर्णय होऊन तुमच्या हातात परत आलं, सरावाची माणसं मात्र तोवर निघून गेली होती. बदल सगळाच वाईट दिशेने झाला असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. जुन्या काळच्या मरणाबद्दल हळवं होताना हे विसरू नये.

आता तुमचं काही चुकलं का.

पहिल्या दिवशी, नाही. मेंदूतला रक्तस्राव किती वाढेल, सूज उतरेल का, हे पहिल्या काही तासांत कुणालाच सांगता येत नाही. ९१ वर्षांचा पण आदल्या दिवसापर्यंत स्वतःच्या पायाने देवळात जाणारा माणूस, आणि ९१ वर्षांचा वर्षभर अंथरुणावरचा माणूस, यांत फरक करावा लागतो. तुमचे आजोबा कोणत्या गटात होते ते मला माहीत नाही. पहिल्या गटात असतील तर मीसुद्धा नळी घातली असती. फक्त घालतानाच म्हटलं असतं, "तीन-चार दिवस देऊ. तोवर डोळे उघडले नाहीत, सुधारणा दिसली नाही, तर बसून बोलू." खोट राहिली असेल तर ती चौथ्या दिवशी. त्या दिवशी कुणीतरी तुम्हाला खुर्चीवर बसवून बोलायला हवं होतं. ते काम तुमचं नव्हतं, आमचं होतं.

आणि तिथेही एक वाट असते, जी आमच्या भागात वर्षानुवर्षं चालत आलीय. कागदावर तिला "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज" असं कोरडं नाव आहे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आम्ही तसं नेलं, चाळीस किलोमीटर. कायदेशीर कागद नीट करून, घरी मॉर्फिनची सोय ठेवून. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नळीला अंबू पिशवी जोडलेली आणि नातू, कॉलेजातला पोरगा, ती दाबत होता. "किती वेळा दाबू?" "तू श्वास घेशील तेव्हा दाब," मी म्हटलं. उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत त्याचे हात भरून आले, पण पिशवी त्याने दुसऱ्याला दिली नाही. आत भुई सारवून घोंगडी अंथरलेली होती. खाली घेतलं, नळी काढली, थोरल्या सुनेने ओल्या कापसाने ओठ पुसले. वीसेक मिनिटांनी श्वास थांबला. कोपनहेगनच्या पोरांनी जी पिशवी माणूस जगवायला दाबली, तीच.

पण हे सगळ्यांना जमत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा वन-बीएचके, लिफ्ट बंद, मुलगी पुण्यात आणि मुलगा टोरांटोत, असं असेल तर हॉस्पिटलमध्येच पडदा ओढून, मॉनिटरचा आवाज बंद करून, दोन माणसांना आत बसू देणं हे मी करतो. "काही तोंडातून देऊ नका" अशी पाटी असते, तरी कुणी पर्समधून छोट्या बाटलीत गंगाजल आणलेलं असतं. सिस्टर माझ्याकडे बघते. मी ओठ ओले करू देतो.

शेवटी आजींबद्दल, कारण तुम्ही त्यांचं वाक्य टोमणा म्हणून ऐकलंय असं वाटतं. माझ्या अनुभवात, साठ-सत्तर वर्षांचा जोडीदार गेलेली बाई "आमच्या वेळी माणसं घरी जायची" असं सारखं म्हणते, तेव्हा ती बहुतेकदा गेलेल्याबद्दल बोलत नसते, स्वतःबद्दल सांगत असते. दिवस झाले की एखाद्या दुपारी घरात गर्दी नसताना शेजारी बसा आणि सरळ विचारा: आजी, तुला कुठे राहायचंय, नळी चालेल का, दवाखान्यात किती दिवस चालेल, आणि तुला बोलता आलं नाही तर कुणाचं ऐकायचं? सांगतील ते तारीख घालून वहीत लिहा, थोरल्या-धाकट्या सगळ्यांसमोर एकदा वाचून दाखवा, मग नोटरीकडे न्या. त्यांनी उत्तर टाळलं तर महिन्याने परत विचारा. टाळणार नाहीत असा माझा अंदाज आहे. माझ्या आईला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "किती उशीर केलास विचारायला," आणि कुठलं लुगडं नेसवायचं इथपासून सुरुवात केली.